पाठीमागचा कोपरा

सर, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे तुम्हाला आधी शुद्धलेखनाच्या चुका दिसणार, मजकूर नंतर. तरी लिहिते. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि आज मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच तुमची ती पेशी समजावून सांगितली. उंदीर ज्या जागी पोचतो, त्या जागेची पेशी त्याच्या मेंदूत जागी होते. माकड मात्र बसल्या जागेवरून नुसतं एखाद्या कोपऱ्याकडे बघतं आणि त्या कोपऱ्याची पेशी बोलू लागते. पाय न हलवता ते तिथे जाऊन येतं. मुलं भराभर लिहून घेत होती. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.

आपली ती म्हातारी माकडीण खुर्चीत बसलेली असायची, तिच्यासमोर मी, आणि माझ्या पाठीमागे कोपऱ्यातल्या स्टुलावर तुम्ही. तिच्या मेंदूतल्या केसाएवढ्या तारेतून येणारे ठोके स्पीकरवर ऐकू यायचे. ती तुमच्याकडे बघायची तेव्हा फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज व्हायचा. पडद्यावर खोलीच्या चित्रात तिची नजर एका ठिपक्याने दिसायची, त्यामुळे मागे न बघताही मला कळायचं, ती कुठे बघतेय ते. एका शुक्रवारी मी कौतुकाने म्हणाले, "सर, ही तुम्हाला ओळखते." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आपण सध्या कादंबरी लिहिताय का? ती जागा ओळखते. उद्या इथे बादली ठेवा, पेशी तिच्यासाठीही एवढीच तडतडेल."

चार वर्षं तुमच्या हाताखाली काढली होती आणि एकदाही 'बरं झालंय' असं तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझा तोल गेला. "तुम्हाला माणसंसुद्धा बादल्याच वाटतात," असं म्हणून मी पिशवी उचलली आणि येरवड्याची बस धरली. सोमवारी माफी मागायची, हे बसमध्येच ठरवलं होतं. रविवारी तुम्ही गेलात.

आठवड्याने काम पुन्हा सुरू झालं. माकडांचं खाणंपिणं बघणारे मामा तुमचं स्टूल बाहेर ठेवून आले होते. तार अजून त्याच पेशीवर होती. साडेदहाला, तुम्ही यायचात त्या वेळेला, पडद्यावरचा ठिपका दाराशी गेला. मग भिंतीच्या कडेने सावकाश सरकत माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात येऊन थांबला. मोहरी तडतडायला लागली. मामा पिंजऱ्यापाशी पेरू चिरत होते, त्यांची सुरी थांबली.

"बाई, सर हायेत का काय तिथं? ही तर बसल्यालं माणूस बगावं तशी बगतीया."

"जागा आहे मामा ती. ती जागा बघते," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला तुमच्यासारखा ऐकू आला. कोपरा रिकामा असला, दिवे मालवले, तरी तिकडे नजर वळली की ती पेशी बोलते, हे मला माहीत होतं. तुमचंच बरोबर होतं. पण दारापासून, भिंतीच्या कडेने, तुमच्या चालीने तिची नजर कोणाबरोबर आली? "सवय," तुम्ही म्हणाला असतात. मीही मुलांना तेच सांगितलं असतं.

हे पत्र मी कपाटात ठेवून देणार आहे, म्हणून आता खरं ते लिहिते. तो आवाज मिनिटभर चालला आणि मला फक्त मान वळवायची होती. मी वळवली नाही. तुम्ही तिथे असाल याची भीती नव्हती, सर. वळले असते तर तुम्ही दिसला नसतात. म्हणून पडद्याकडे बघतच, मामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, मी तुमची माफी मागितली. माझं बोलणं संपलं आणि स्पीकर गप्प झाला. ठिपका मात्र अजून त्याच कोपऱ्यावर होता. वहीत त्या मिनिटापुढे मी 'तार सैल' असं लिहिलं. तार सैल नव्हती.