बाकावरील मोकळी जागा

भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १९१६. कोरेगाव.

श्रीगजानन व कुलस्वामिनी यांच्या कृपेस वंदन करून ही रोजनिशी आरंभितो. निवृत्तीनंतर भाड्याने घेतलेल्या या घरी आजच आलो. चित्त प्रसन्न झाले. परसात डाळिंब, जास्वंद आणि त्यांच्या सावलीत दगडी बाक. बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत राळ्याचे दाणे पसरले व खिडकीआड कॅमेरा लावून बसलो. थोड्याच वेळात बुलबुल, मुनिया, एक दयाळ असे पाहुणे आले. पत्नी चारुशीला कन्येच्या बाळंतपणासाठी सांगलीस आहे, सर्वपित्रीस येईल. शेजारच्या भामाबाईंनी कुंपणावरून विचारले, पाखरांचं फोटू काडून त्यांची लग्नं जुळवायची हायती व्हय?

वद्य पंचमी.

साताऱ्याहून रोल धुवून आला. पक्षी सुरेख उमटले आहेत. मात्र प्रत्येक चित्रात बाकाच्या मध्यावर एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी. तेथील दाण्यांस कोणी चोच लावलेली नाही.

वद्य अष्टमी.

वडिलांचे श्राद्ध. पितरांचा घास त्याच मोकळ्या जागी ठेवला. कावळा जवळ येई, शिवत नसे. दुपार टळू लागली. तेव्हा रीतीप्रमाणे हात जोडून म्हणालो, जी इच्छा राहिली असेल ती मी पुरवीन. कावळ्याने तत्क्षणी घास उचलला. वडिलांचे नाव घ्यावयाचे राहून गेले, हे मागाहून ध्यानी आले.

वद्य दशमी.

भामाबाईंना हे सांगितले. त्या हसल्या नाहीत. घराचे मूळ मालक आण्णा याच बाकावर एकटे वारले. दहाव्याला कावळा शिवेना. मुलांनी शेत, देवळाचा कळस, सारे कबूल केले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. म्हाताऱ्याला जोडीला माणूस पायजे हुतं, त्या म्हणाल्या. ते कोण कबूल करंल? आन् तुमी केलंसा, बाबा.

वद्य द्वादशी.

नवा रोल आला. मोकळी जागा आता दोघांची आहे.

वद्य त्रयोदशी.

सांगलीस फोन केला. येऊ नकोस म्हणालो, कारण सांगवेना. ती हसली. अमावास्येला तुम्ही एकट्यानं जेवायचं का, म्हणाली.

वद्य चतुर्दशी.

दाणे टाकणे बंद केले. तरी येतात. तशीच जागा सोडून बसतात.

सर्वपित्री अमावास्या.

तिची एस.टी. दुपारी येईल. शब्द माझा आहे. तो तिने फेडावयाचा नाही. म्हणून ही वही घेऊन मीच बाकावर बसलो आहे. बसताना एकही पाखरू उडाले नाही. जागा माझ्यापुरती होतीच —

शेजारी कोणी किंचित सरकले.

फाटक वाजले. चारुशीला. मी ओ देतो आहे — ती इकडेच पाहते — भामाबाईंना विचारते, हे कुठं गेले —

पाखरे दाणे शोधीत आहेत. तिला दिसतात. मी —

जो कोणी हे वाचील त्यास अखेरपर्यंत आपल्या माणसांची सोबत लाभो, त्याच्या घरी सदैव मंगल —