घाई नसलेल्यांच्या गावात

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी पाठ कशी आहे? भावजयबाईंचा खोकला गेला का? भाचीची दाढ काढली की अजून रडारड चालूच? आणि माझ्या दुकानातल्या शिवणाच्या मशीनला तेल दिलंस ना?

माझं म्हणशील, तर पाय मोडल्यापासून काठी काही सुटत नाही. मुलगा लिफ्ट बसवायच्या कामाला गावोगाव फिरतो आणि मी त्याच्या सामानातलं सगळ्यात जड बोचकं. तो म्हणतो, आई, पायाने मशीन चालवणं आता कुठलं जमायला, दुकान सोड. मी काठी उचलून फिरायला निघते.

रस्त्यावर चालायला जावं तर मागून भोंगे. म्हणून प्रत्येक गावी मी कबरस्तान शोधते. हसू नकोस! सपाट वाट, झाडं, बाकं, आणि कुणालाच घाई नाही. कितीही हळू चालले तरी मी मागे पडत नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कापडाच्या ताग्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, ते इथे कामी येतं. दगडांवरची नावं वाचते. हयातभर धावलेली, भांडलेली माणसं शेजारी शेजारी निवांत पडलेली पाहिली की माझ्याही जिवाची धडधड उतरते. काल एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत काठी न टेकता गेले.

तुझी ताई

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही विचारते, वन्सं आधीच जागा बघून ठेवतायत का? मी म्हटलं, ती तिथल्यांनाही माप घ्यायला उभं करील.

आता खरं सांगतो. शेजारचा चष्मेवाला तुझा गाळा मागतोय आणि मालकाला महिनाअखेर उत्तर हवंय. भाचा फोनवर म्हणाला, मामा, देऊन टाक. तुला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण ताई, पाय साथ देईल का? माझं मन राखायला काही लिहू नकोस.

तुझा धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इथलं कबरस्तान टेकडीवर आहे. काल चढण पाहून फाटकातूनच परतणार होते. तेवढ्यात अर्ध्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ दिसले. हातात फुलं, धाप लागलेली, सोबत कुणी नाही. बायको नुकतीच गेलेली. काही विचार न करता मी वर गेले, त्यांना काठी दिली आणि दुसऱ्या बाजूने माझा हात. ते म्हणाले, बाई, तुम्हीच पडाल. मी म्हटलं, पडले तर जागा काही शोधावी लागणार नाही. बिचारे हसले, आणि हसत हसतच आम्ही वर पोचलो.

ते बायकोशी बोलत बसले. मी लांब उभी राहिले. वारा होता, खाली सगळं गाव पसरलेलं, मन अगदी स्वच्छ. मग ध्यानात आलं, की बाक जवळ असूनही मी बसले नव्हते!

परतताना मुलगा फाटकाशी उभा. खालून सगळं पाहिलेलं. म्हणाला, आई, गाळा देऊ नको म्हणून मामाला मीच कळवतो. मी म्हटलं, गप बस, हे माझ्या हातचं कळवणं आहे.

तर कळवते. चष्मेवाल्याला सांग, गाळा रिकामा नाही. मशीनवरचा कपडा काढ, पट्टा ताणून घे. शनिवारी येते. स्टेशनवर मला धरायला कुणी येऊ नये, सामान धरायला या. माया आहे तशीच राहू दे, आणि चष्मेवाल्याचा चेहरा कसा झाला ते मी आल्यावर सांग.

तुझी ताई