शारजाचा पहिला मराठी कंट्री सिंगर

३ मे, शनिवार
निर्णय पक्का. मराठीत कंट्री गाणं काढायचं. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. कंट्री म्हणजे गिटार, लांब रस्ता आणि घरची आठवण. हमरिया फ्री झोनमध्ये ट्रेलर भरून पाठवण्यात माझं आयुष्य गेलं, रस्त्याबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी? बायकोला मुखडा म्हणून दाखवला: 'रस्ता लांब, गाडी जुनी, घरी जागं आहे कुणी.' दर्शना म्हणाली, शब्द छान आहेत. चालीबद्दल काही बोलली नाही. शाळेत तिला गाण्याची बक्षिसं होती, पण ती भावगीतांची. कंट्री वेगळं.

९ मे, शुक्रवार
गिटारवाला मिळाला. ऑफिसातला वासिफ, मूळचा रत्नागिरीचा, इथे अल नहदात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. बेडरूमच्या भिंतींना गाद्या लावून स्टुडिओ केलाय. माझं ऐकून म्हणाला, हबीबी, सूर जरा इकडेतिकडे जातोय. म्हटलं, तीच स्टाईल आहे. काउबॉय हॅट मागवली. रिद्धी म्हणाली, "पपा, प्लीज डोन्ट वेअर इट डाउनस्टेअर्स." पोरीला आत्तापासून माझ्या प्रसिद्धीचं टेन्शन.

१७ मे, शनिवार
रेकॉर्डिंग. माइकमध्ये आवाज येतो म्हणून एसी बंद. हॅटमधून घामाच्या धारा. टेक पुष्कळ झाले. वासिफची बायको उमैमा आधी सरबत घेऊन आली, मग मधलं दार लावून गेली. शेवटी वासिफ म्हणाला, खलास, आता नंतर ऐकू. भारावला असावा.

१८ मे, रविवार
घसा बसला. मोठ्या गायकांचं असं होतं. वासिफला गिटार वाजवायला आवाजाचा आधार हवा, म्हणून दर्शनाने गाऊन दिलं. एकाच टेकमध्ये झालं. चाल मी तयार करून ठेवल्यावर अवघड काय? उमैमा दारात उभी राहून डोळे पुसत होती. एसी बंद ठेवला की घाम डोळ्यांत जातो.

३० मे, शुक्रवार
घसा अजून तसाच. वासिफ म्हणाला, तोवर भाभींचंच टाकू, इन्शाल्ला चालेल. परवानगी दिली. पिक्चरच्या आधी ट्रेलर असतो, तसं. माझं व्हर्जन मागून येईल.

१२ जून, गुरुवार
गाणं हिट. एफएमवर दोनदा लागलं. गेटवर किसन, आमचा साताऱ्याकडचा ड्रायव्हर, ट्रेलर बंद करून ऐकत बसला होता. म्हणाला, साहेब, हे ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी घरी फोन लावला, बायको आधी भांडली, मग रडली. म्हटलं, शब्द माझे आहेत. म्हणाला, हो का, पण वहिनींचा आवाज काय आहे. कौतुक करायची प्रत्येकाची पद्धत असते. वासिफला माझ्या व्हर्जनचं विचारलं. फाइल सापडत नाही म्हणे.

२१ जून, शनिवार
दुबई मरीनात कार्यक्रम. दर्शनाला गायला बोलावलं, मी सोबत. लोक यायच्या आधी माइकवर एक कडवं म्हणून घेतलं. साउंडवाला म्हणाला, यल्ला, खाली या, माइक चालतोय. प्रोफेशनल लोक थोडक्यात दाद देतात. मग दर्शना गायली. वेटरसुद्धा ट्रे घेऊन जागच्या जागी उभे. मलाही घशात काहीतरी झालं. जुनंच दुखणं असेल. कार चालवताना तिच्याकडे सारखं बघत होतो. म्हणाली, समोर बघा.

२२ जून, रविवार
सकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या सत्यभामा काकू माझंच गाणं गुणगुणत होत्या. ऊर भरून आला. मीही सूर मिसळला. काकू थांबल्या. प्रेमाने म्हणाल्या, नागेश, तुझी चाल चुकते रे, ओरिजिनल ऐक एकदा.

घरी येऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. माझी चाल त्यात कुठेच नाही. ही दर्शनाची आहे.

तिला विचारलं, मला शिकवशील का. भाजी चिरता चिरता म्हणाली, बसा, आधी 'सा' लावा.

लागला नाही.