विहिरीच्या तुकड्यावरची सही

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
प्रांत कचेरी, नगर.

अर्जदार : आक्काबाई, कै. रंभाजी पठारे यांची विधवा, वय अदमासे ६०, धंदा शेती (होती), राहणार मौजे चिंचमाळ, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर.

विषय : न वाचता केलेली सही माघारी मिळणेबाबत व विहिरीलगतच्या दोन एकरांची विक्री थांबविणेबाबत.

संदर्भ : १) वारसनोंदीचा फेरफार नंबर ४१२, मौजे चिंचमाळ. २) खालच्या कचेरीस केलेले तीन अर्ज. तिन्ही परत आले.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी,

१. तक्रार अशी की, अर्जदार बाईचा मुलगा गहिनीनाथ, वय ३४, हा आपल्या सख्ख्या बहिणीस विहिरीवर हंडा भरताना पाहून "कुनाला इचारून आलीस?" असे विचारतो. सदर विहीर खणली तेव्हा हा आईच्या कडेवर होता आणि बहीण चांगुणा हिने आठव्या वर्षी त्या विहिरीची माती पाटीने वाहिली आहे. हल्ली गहिनीनाथ इंजिनाच्या खोलीस कुलूप लावून किल्ली कंबरेला अडकवून फिरतो. आई बोलू लागली की तो बैलाशी बोलतो.

२. घरची हकिगत येणेप्रमाणे. एकंदर जमीन सहा एकर. ती अर्जदार बाईचे मालक रंभाजी यांनी (नाव घेऊ नये, परंतु अर्जात घ्यावे लागते) स्वतःच्या कष्टाने, स्वतःच्या नावे खरेदी केली. वाडवडिलांची एक काडी तीत नाही. चार एकर खडक. विहिरीलगतची दोन एकर काळी. यंदाच्या दुष्काळात गावच्या साऱ्या विहिरींनी तळ दाखविला, या विहिरीला अजून पुरुषभर पाणी आहे. म्हणूनच गावातील श्रीमंत नावाच्या इसमास आपली मोसंबी वाचविण्यासाठी ती पाहिजे. त्याने गहिनीनाथास इसार दिला असून येता पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी खरेदीखत आहे. चांगुणा हिला कोपरगावकडे दिली होती. नवऱ्याने दुसरी केली, म्हणून ती नऊ वर्षांपासून माहेरी आहे. मूलबाळ नाही. सध्या ती दुष्काळी कामावर खडी फोडते. त्यात अर्जदार बाईस कमीपणा वाटत नाही. काम बंद झाल्यावर ती काय खाणार, एवढेच विचारणे आहे. तो तुकडा गेला की तिला जन्मभर भावजयीच्या चुलीकडे पाहत बसावे लागेल.

३. हे रंभाजी यांना कळत होते. सन १९७० च्या दिवाळीनंतर खोकला वाढला तेव्हा त्यांनी मृत्युपत्र करावयाचे ठरविले, की विहिरीचा तुकडा चांगुणास. लिहिणारे मास्तर आले. दोन साक्षीदार ओट्यावर येऊन बसले. दौत उघडली. तेव्हा अर्जदार बाई चुलीपुढून उठून बाहेर आली व चारचौघांत म्हणाली, "कागद कराया माझ्या पोटी काय परक्याचं पोर आलंय? भाऊ बहिनीला टाकतो व्हय? अन् जित्या मान्सानं मरनाचा कागद घरात ठिवायचा, ही कुठली रीत?" रंभाजी उठले. साक्षीदारांना चहा पाजून वाटेला लावले. मास्तरांनी दौत झाकली. आठ महिन्यांनी रंभाजी वारले. अर्जदार बाईने जन्मात पुष्कळांना गप्प बसविले व त्याचे तिला कधी वाईट वाटले नाही. या एकाचे वाटते.

४. तेरावा होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच तलाठी भाऊसाहेब वारसनोंदीस घरी आले. आमच्याकडे रीत अशी की, बहिणीने भावास वाटा सोडून द्यावा, भावाने तिला साडीचोळी करून माहेर उघडे ठेवावे. चांगुणाचा हात पुढे होईना. ती आईच्या तोंडाकडे पाहत होती. आईनेच सांगितले, "लाव अंगठा. भावासंगं वाकडं घेऊ नगं." तिने लावला. मग तो कागद अर्जदार बाईपुढे सरकविला. बाई मराठी दुसरी शिकलेली. छापील अक्षर बोट ठेवून वाचते, आपले आपण लिहिते, परंतु कचेरीचे पळते अक्षर तिला लागत नाही. ही गोष्ट तिने गावास कधी कळू दिली नव्हती. चिंचमाळात सही करणारी बाई ती एकटी आणि तो मान तिने चाळीस वर्षे मिरविलेला. भाऊसाहेब म्हणाले, "आक्काबाईंना कुठला अंगठा लागतोय!" मंडळी हसली. आता तेथे बोट ठेवून एकेक अक्षर लावीत बसावे तर सगळी ऐट उघडी पडणार. घरातली वडीलधारी म्हणून साक्ष घेत असतील असे धरून तिने ठसक्यात सही केली.

ती साक्ष नव्हती. हक्क सोडून देणाऱ्यांची यादी होती आणि तीत पहिले नाव तिचे होते. नवरा मेल्यावर बायकोचा, मुलीचा आणि मुलाचा वाटा सारखा, हे तिला त्या दिवशी माहीतच नव्हते. आपल्याला काही आहे हेच जिला ठाऊक नाही, तिने ते सोडले कसे, हे साहेबांनीच सांगावे.

५. पहिल्या अर्जास खालच्या कचेरीचे उत्तर आले. ते वाचावयास अर्जदार बाईस चार दुपारी लागल्या. सदर, उपरोक्त, सबब वगैरे शब्द तिने त्यातूनच घेतले आहेत. उत्तरात असे की, चांगुणा निरक्षर असल्याने कागद तिला वाचून दाखविणे जरूर होते व तो वाचून दाखविला याबद्दल संशय नाही, कारण त्याच कागदावर घरातील एका साक्षर बाईची सही आहे. सदर साक्षर बाई म्हणजे अर्जदार. एकाच सहीने तिने आपलाही वाटा घालविला व लेकीचाही. अशी सही गहिनीनाथासारखे दहा पुत्र मिळून करू शकले नसते.

६. सबब दुसऱ्या अर्जावर तिने अंगठा केला. तोही परत आला. शेरा असा की, आक्काबाई पठारे या साक्षर असल्याचे दप्तरी आहे, मग हा अंगठा कोणाचा? आपण त्याच आक्काबाई असल्याबद्दल कुटुंबप्रमुखाचा दाखला जोडावा. कुटुंबप्रमुख कोण, हे साहेबांस सांगावयास नको. अर्जदार बाईने दात ओठ खात त्याच्याकडे दाखला मागितला. ज्याला तिने नऊ महिने पोटात वागविले तो म्हणाला, "बघू सवडीनं."

७. तिसरा अर्ज सहीचाच केला. त्यावर उत्तर आले की, फेरफाराबद्दल हरकत फक्त वारसास घेता येते आणि अर्जदाराने हक्क सोडला असल्याने तिचा या जमिनीशी संबंध येत नाही. म्हणजे साहेब, सही केली तर अडकली, अंगठा केला तर ती आक्काबाई नव्हे, आणि आक्काबाई ठरली तर तिचा संबंध नाही. हा संबंध लग्नात कोणी विचारला नव्हता. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात मोटेवर उभी राहिली तेव्हाही नाही.

८. मग ती एस.टी.ने नगरास येऊन कोर्टाच्या आवारात एका वकिलास भेटली. तो भला माणूस होता, फी मागितली नाही. दावा लावा म्हणाला, दहा-बारा वर्षे चालेल. अर्जदार साठीची, चांगुणा चाळिशीची आणि खरेदीखत पंधरा दिवसांवर. अर्जदार बाईने यास त्या साक्षीदारांसारखे वाटेला लावले नाही, उलट त्यानेच तिला चहा पाजला, आणि तेवढ्या वेळात ज्या चार गोष्टी सांगितल्या त्या कळावयास तिला साठ वर्षे लागली. मृत्युपत्रास स्टांप लागत नाही, साध्या कागदावर चालते. करणाऱ्याने सही वा अंगठा करताना दोन साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहावे आणि त्यांनीही त्यावर सह्या कराव्यात. नोंदवून ठेवले तर बरे, न नोंदविले म्हणून खोटे होत नाही. जिवंत आहे तोवर मन बदलले तर कागदही बदलता येतो. आणि मृत्युपत्र केल्याने कोणी लवकर मरत नाही. रंभाजी न करताच वारले.

९. विनंती अशी की, सदर विक्री थांबवावी. ती थांबेल असे अर्जदार बाईस वाटत नाही. हा अर्ज साहेबांच्या टेबलावर येईपर्यंत श्रीमंताचे इंजिन त्या विहिरीवर बसलेले असेल. सबब तेवढे तरी करावे की, वरील कलम ८ मधील मजकुराची प्रत्येक गावी दवंडी द्यावी, आणि तीत असेही सांगावे की बाईमाणसाने कागद मोठ्याने वाचून घेतल्याखेरीज त्यास हात लावू नये, मग समोर तलाठी असो की पोटचा पोर. दवंडी सकाळी बाया पाणवठ्यावर असताना द्यावी. चावडीपुढे दिली तर पुरुषच ऐकतील व घरी सांगणार नाहीत.

१०. अर्जदार बाईने आपले मृत्युपत्र काल चावडीत केले. जमीन नाही. एक शेळी, दोन तांब्याचे हंडे, पायातल्या चांदीच्या तोरड्या व अंगावरचे जे असेल ते, सारे चांगुणास. साक्षीदार दोन. सही करण्यापूर्वी कागद तिने स्वतः वाचला, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावीत, साऱ्यांच्या देखत. वेळ फार लागला. मंडळी ताटकळली, एकदोघे हसले. अर्जदार बाईने मान वर केली नाही.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे. उत्तर आले तर ठीक, न आले तर तेही वाचता येते.

आपल्या दारी शेवटची येणारी,
आक्काबाई रंभाजी पठारे
मौजे चिंचमाळ, तारीख २१ मार्च १९७३

सोबत : १) फेरफार ४१२ ची नक्कल. २) परत आलेले अर्ज, शेऱ्यांसह, तीन. ३) कलम १० मधील मृत्युपत्राची नक्कल.

ता.क. : मृत्युपत्र वाचून झाल्यावर चावडीच्या दारात उभा असलेला गहिनीनाथ म्हणाला, "आये, लोकांत शोभा करतीस व्हय?" त्यास अर्जदार बाईने तोंडावर जे सांगितले ते दप्तरी राहावे म्हणून लिहिते. "गहिन्या, तू चोर न्हाईस. चोराला घर फोडावं लागतंय, तुला मीच दार उघडून दिलं. म्हनून शिव्या देत न्हाई. पन मी मेल्यावर तोंडात पानी चांगुना घालंल, अग्नी बी चांगुना देईल. तू यायचं तर चार लोकांसारखं यायचं, अन् चार लोकांसारखं निघून जायचं."