रविवारच्या आठ नोंदी

सर, तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी कधीच मागे टाकलं. तरी तुम्हाला लिहायला बसलो की हात अजून विद्यार्थ्याचाच होतो. आधी समास सोडतो, मग अक्षर नीट काढायला लागतो.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग म्हणजे चार खोल्या आणि एक लांब व्हरांडा. दर शुक्रवारी दुपारी कुणीतरी निबंध वाचायचं. खुर्च्या आम्ही विद्यार्थी लावायचो, शिपाई किटलीतून चहा आणायचा आणि तुमच्या घरून चिवड्याचा डबा यायचा. सगळं इंग्रजीत चालायचं. मी थेरगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, तोंड उघडायला भ्यायचो. एकदा चहाच्या वेळी तुम्ही मला बाजूला घेतलंत. म्हणालात, "प्रश्न चेहऱ्यावर दिसतो तुझ्या, तोंडातून येत नाही. मराठीत विचार. उत्तर मी देईन." पुढच्या शुक्रवारी मी विचारला. दोघे-तिघे हसले. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि मराठीतच उत्तर दिलंत, चांगली दहा मिनिटं.

त्याच वर्षी तुम्ही मला तुमच्या कामात घेतलंत. आकाशातून येणारे किरण मोजायचं यंत्र तुम्ही स्वतः जुळवलं होतं. काचेची नळी, तारा आणि आकडे दाखवणारी एक तबकडी. दर तासाला आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, रविवारीसुद्धा, एवढंच माझं काम. खोलीची किल्ली तुम्ही माझ्याकडे दिली होती. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती, आणि मी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात, दिसेल अशी ठेवायचो.

एकदा वडिलांचा निरोप आला. आमच्या शेतातून रस्ता जायचा होता, रविवारी सकाळी सरकारी मोजणीदार येणार होता, आणि घरात कागद वाचणारा मी एकटाच. मी शनिवारीच सायकलनं घरी गेलो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असता. सांगितलं नाही, कारण किल्ली दुसऱ्याकडे जाईल ही भीती. मोजणी सकाळी दहालाच उरकली. सायकलवर टांग मारली असती तर तासाभरात खोलीत पोचलो असतो. पण आईनं वांग्याचं भरीत केलं होतं. मी जेवलो आणि बाभळीखाली झोपलो. सोमवारी वहीत आठ नोंदी मनानं लिहिल्या. आधीच्या दिवसांचे आकडे पाहून, शोभतील अशा.

दीड महिन्यानं तुम्ही ते सगळं काम शुक्रवारच्या बैठकीत मांडलंत. मुंबईहून एक वयस्कर प्राध्यापक मुद्दाम आले होते. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा वर सारला आणि बराच वेळ एकाच पानावर थांबले.

"असे किरण मोजताना आकडे वरखाली होतात," ते म्हणाले. "हे आठ मात्र एका रांगेत उभे आहेत. कुणी घेतले?"

तुम्ही पान पाहिलंत. अक्षर माझं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, अगदी थोडा वेळ. मग म्हणालात, "काम माझं आहे. नोंदींची जबाबदारीही माझी."

"मग बाकीच्या तरी कशा मानायच्या?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी. तुम्ही कागद गोळा केलेत आणि खाली बसलात. त्या दिवशी चिवड्याचा डबा कुणी उघडलाच नाही. तो निबंध तुम्ही कुठंही छापायला पाठवला नाहीत. दोन वर्षांचं काम होतं ते.

विभागाची हुरड्याची सहल आमच्याच मळ्यात आधीपासून ठरलेली होती. मला वाटलं, तुम्ही येणार नाही. पण पंधरा-वीस सायकली थेरगावात शिरल्या तेव्हा पुढची तुमचीच होती. आगटीतली गरम कणसं माझे वडील तळहातावर चोळून तुम्हाला दाणे देत होते. आईनं डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "मास्तर, आमचं पोरगं नीट शिकतंय न्हवं?"

"शिकतोय," तुम्ही म्हणालात. "डोकं चांगलं आहे."

"व्हय, पर लई भित्रं हाय. ल्हानपणापास्नं."

तुम्ही हसलात. जेवणानंतर पवना नदीच्या काठानं चालताना मला जवळ बोलावलंत. बाकीचे मागे गाणी म्हणत होते.

"त्या रविवारी तू खोलीत होतास?"

"हो सर."

"दिवसभर?"

"हो."

तुम्ही थांबलात. मी काही म्हणेन म्हणून थांबला होता, हे तेव्हाही मला कळत होतं. मग तुम्ही म्हणालात, "बरं," आणि पुढं चाललेल्या वडिलांना गाठून शेताच्या पाण्याविषयी बोलायला लागलात. किल्ली तुम्ही परत मागितली नाहीत. मीच आठवड्यानं तुमच्या टेबलावर ठेवली, तुम्ही जागेवर नसताना.

परीक्षा झाली. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या प्रयोगशाळेत माणसं हवी होती. तुमच्याकडे शिफारसपत्र मागायची हिंमत मला कशी झाली, कोण जाणे. तुम्ही दिलंत. त्यात 'कष्टाळू' लिहिलं होतं, 'बुद्धिमान' लिहिलं होतं. 'विश्वासू' हा शब्द नव्हता. मी पत्र तीनदा वाचलं. तो शब्द तुम्ही खोटा लिहिला नाहीत, एवढं कळलं. त्या पत्रावर मला नोकरी मिळाली आणि मी निवृत्त होईपर्यंत ती केली. हाताखालच्या मुलांच्या नोंदी मी इतक्या कडकपणे तपासायचो की ती मला मागे नावं ठेवायची. एकानं असाच मनानं आकडा लिहिला, तेव्हा मी त्याला काढून टाकायची शिफारस केली. तुम्ही मला जे दिलंत ते मी त्याला दिलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुमची मुलगी शहरातच असते, पण तिला हे वाचायला देणं म्हणजे माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं. घडी घालून कपाटात ठेवीन.

एकच गोष्ट राहिली. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. विभागातला एक मित्र सांगत आला, सर गेले, हृदयविकारानं, वर्गावर जाता जाता. मी खुर्चीवर बसलो, डोळे पुसले, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पण सर, त्याच्याही आधी, बातमी ऐकल्या क्षणी मला हायसं वाटलं होतं.