स्टुडिओत न्यायची बॅग

३ नोव्हेंबर, सोमवार

आज लॅबमध्ये एक बाई रक्त द्यायला बसली, बाही वर केली, माझे हात बघितले आणि बाही परत खाली ओढली. "दुसरं कुणी नाही का हो?" ग्लोव्हज घालायच्या आत तिला बोटं दिसली, एवढाच माझा गुन्हा. कोड आहे, काकू, लागत नाही कुणाला. आठ वर्षं हेच म्हणतेय. आज म्हटलंच नाही. सुई ट्रेमध्ये आपटली आणि बाहेर आले.

जिन्यातूनच नाझनीनला फोन. कॉलेजची मैत्रीण, विजापूर रोडला तिचा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी. आणि बोर्डावर न लिहिलेलं एक काम: बायकांचे फक्त त्यांच्या स्वतःसाठी काढलेले फोटो, झोपायच्या खोलीतल्यासारखे, कमी कपड्यांत. बूदुआर म्हणतात म्हणे. दोन महिने मागे लागली होती. आज म्हटलं, काढ माझे.

"खरंच? नंतर नक्को नक्को करशील."

नाही करणार. रविवार १६ ठरला.

५ नोव्हेंबर

नाझनीनची यादी आली. आतल्या कपड्यांचे दोन सेट, एक पांढरा शर्ट, एक साडी (ब्लाउजशिवाय!), दागिना, लांब गाऊन. सकाळपासून घट्ट इलॅस्टिक घालायचं नाही, कातडीवर वळ उठतात. वळ म्हणे. माझ्या कातडीवर वळ शोधणार कोण? हसले. मग डोकं फिरलं.

घटस्फोटाचा कागद येऊन तीन आठवडे झाले. सहा वर्षांचा संसार, मग पाच वर्षं कोर्ट. संसारातली शेवटची तीन वर्षं त्याने मला उजेडात पाहिलं नाही. "आधी लाईट घालव." दर वेळी. आणि मी उठून घालवत होते. त्याच्यापेक्षा ह्याचाच राग जास्त येतो.

८ नोव्हेंबर, शनि.

नवी पेठेत गेले. दुकानातली मुलगी म्हणाली, ट्रायल नाही मॅडम. तेवढ्यात एक कॉलेजची पोरगी पडद्याआडून घालून बघून बाहेर आली. "मग ही आत्ता कुठून आली?" मुलीची नजर माझ्या मानेवर. मग मी काउंटरवरची एकूण एक वस्तू हातात घेऊन बघितली. लेस, पट्टे, हुक, सगळं. सावकाश. घेतलं काहीच नाही. पोरकटपणा. पण लई बरं वाटलं.

दोन दुकानं सोडून वाईन रंगाचा सेट मिळाला. तिथली बाई फक्त साइज विचारत होती.

१० नोव्हेंबर

नाझनीनचा मेसेज: "टेन्शन नको घेऊ, एडिटमध्ये सगळं साफ करते. एकपण डाग दिसणार नाही."

साफ.

ती पण. लिहिलं, कॅन्सल. फोन बंद.

११ नोव्हेंबर

दुपारी नाझनीन लॅबच्या दारात उभी. डबा हातात, तोंड उतरलेलं. "लग्नाच्या फोटोंत नवरीचे पिंपल काढून काढून सवय लागली गं. तोंडातून गेलं. माफ कर. पण मग तुला कसे पाहिजे ते सांग की, मी विचारलंच नाही."

सांगायला लागले तर कोर्टच आठवलं. अकलूजवाल्यांचं (तो आणि त्याची आई) एकच पालुपद: आधीपासून होतं, लपवून लग्न लावलं. वकील माझ्या अंगाबद्दल बोलत होता आणि मी भिंतीकडे बघत होते. मग शपथेवर सांगितलं, लग्नाआधी एक ठिपका नव्हता. तिसऱ्या वर्षी बोटांवर आला, तिथून पसरला. आठ वर्षं सगळे ह्या कातडीबद्दल बोलतात, मी सोडून. मला ती बघायची आहे. आहे तशी. पाठ तर धड कधी बघितलेलीच नाही.

नाझनीन म्हणाली, "मग पाठीपासूनच सुरू करू." डब्यात खिमा होता. दोघींनी खाल्ला.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

संध्याकाळी कामावरून आले तर आई माझ्या पलंगावर, स्टुडिओची बॅग उघडी, वाईन सेट तिच्या मांडीवर.

"कोन हाय त्यो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी ह्ये घेतलंस."

सांगितलं. फोटो. बाई काढणार. माझ्यासाठी. डागांसकट.

"असलं अंग दाखवायचं व्हय, अर्चे? मी जलमभर झाकलं आन् तू..."

"जन्मभर? मला एकतिसाव्या वर्षी आलं, आई."

ती माझ्या शर्टाची घडी घालायला लागली. मोडली, परत घातली. मी शर्ट ओढून घेतला. जन्मभर म्हणजे काय?

"हळदीच्या आदी दिसला हुता. पाठीला. रुपायाएवढा. म्हनून तर पाठीला दुसऱ्या कुनाला हळद लावू दिली न्हाय. मीच लावली."

"आणि सांगितलं नाहीस. मलासुद्धा."

"लगीन मोडलं असतं की!"

"मोडलंच की!"

त्यापुढे मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर

म्हणजे अकलूजवाले खोटं बोलत नव्हते. खोटं मी बोलले, शपथेवर, आणि मला पत्ता नाही. माझ्याच पाठीचा.

तो फसला असेल. मग सांगायचं होतं, सोडायचं होतं. तीन वर्षं अंधारात ठेवायची काय गरज? त्याचा राग तसूभरही कमी झालेला नाही. आईचा वर चढला आहे फक्त.

आई जेवली नाही. मी वाढलंही नाही. बॅग सगळी उपसून परत भरली. दागिन्यांतली तिची मोहनमाळ काढून कपाटात ठेवली. गळा मोकळाच बरा.

१६ नोव्हेंबर, रवि.

सकाळी बॅग घेऊन निघाले तर आई चप्पल घालून दारात. "मी बी येते."

"कशाला?"

रिक्षात माझ्याआधी चढून बसली. स्टुडिओखाली उतरल्यावर म्हटलं, घरी जा. गेली नाही. पायरीवर बसली आहे, उन्हात, पदर डोक्यावर.

मी वर. गाऊन घालून स्टुलावर बसून हे लिहितेय. नाझनीन पलंगावरची चादर ओढून ओढून सरळ करतेय. मघाशी तिने पाठ बघितली. म्हणाली, खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं एक झालंय, सुरुवात कुठली ते आता कळत नाही.

ते फक्त आईला माहीत आहे. तिने बोट ठेवून दाखवावं असं वाटतं. तिचं तोंड बघायची इच्छा नाही.

नाझनीनने आत्ता खिडकीतून खाली बघितलं. "लई ऊन झालंय, अर्चना. मावशींना वर बोलवू?"

पेन हातात घेऊन बसले आहे. नाझनीन जिन्याच्या दाराशी उभी, कडी धरून. परत विचारतेय.