तुमची लाल वही

७ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय बाईंना,
सप्रेम नमस्कार. नव्या शाळेत रुळलात ना? मी निवृत्त झालो तरी वर्गाच्या खिडकीशी घुटमळतो, म्हणून सगळे हसतात. गुडघे कुरकुरतात. कविता मात्र अजून पाठ आहेत.

कामाचं लिहितो. टिटवी आठवते ना? नाक कागदाला टेकवून वाचणारी, आणि तरी कविता सर्वांत आधी पाठ करणारी. यंदा तिची शालान्त परीक्षा. जादा वेळ आणि मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका मागितली होती. परीक्षा मंडळाकडून अर्ज परत आला. डॉक्टरांचा दाखला पुरत नाही. वर्गात तिच्यासाठी काय बदल केले, त्याची तारीखवार नोंद हवी. शुक्रवारपर्यंत.

केलं तर सगळं होतं, बाई. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तळहाताएवढ्या अक्षरांत कविता लिहायचो. चाचणीला अर्धा तास वाढवून द्यायचो. तिच्यासाठी नेमलेल्या विशेष शिक्षिका म्हणून दर शनिवारी तुम्ही नोंदींचा तक्ता घेऊन यायचात आणि मी ‘आल्या कागदबाई’ म्हणून शिक्षकखोली हसवायचो.

अर्जासोबत ते तक्ते आहेत. ‘केलेले बदल’ या रकान्यात तीन वर्षं, दर आठवड्याला, माझ्याच वळणदार अक्षरात ‘गरज नाही’. खाली सही. पोरीला वेगळी म्हणून कागदावर चढवायचं नाही, हा माझा तोरा. त्यावरच अर्ज नामंजूर झालाय.

काल मी मागच्या तारखा घालून, तीन रंगांच्या शाईने नवी वही करत बसलो होतो. टिटवी आली, वही नाकाशी धरली. म्हणाली, “सर, हिला अजून दुकानाचा वास येतोय. माझ्यासाठी खोटं नका लिहू. मी लिहीन जमेल तेवढं.”

नेहमीच्या वेळात तिचा निम्मा पेपरही होत नाही. वही मी फाडली.

मागच्या बाकावर बसून तुम्ही लाल वहीत सगळं टिपायचात. ती असेल तर द्या. मी तक्ता तुमच्या अंगावर भिरकावला आणि तुम्ही बदली मागितलीत, तो दिवसही तीत असेल. ते पान काढू नका. अख्खी वही असेल तरच खरी मानतील. माझा कबुलीजबाब सही करून सोबत ठेवलाय.

पत्र घेऊन जावई आलाय. तुम्ही हो म्हणा वा नाही, उत्तर मिळेपर्यंत तो दारात थांबेल.

तुमची गरज असलेला,
कवितेचा मास्तर